जावळीच्या खोऱ्याचा हक्क

साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात १९ जुलै २०२४ रोजी वाघनखांचं प्रदर्शन सुरू झालं आणि बघायला रांगा लागल्या. वस्तू तशी लहानखुरी. एक पोलादी पट्टी, तिला चार वाकड्या नख्या आणि बोटं अडकवायला दोन कड्या. मुठीत सहज मावेल एवढी. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. साताऱ्यानंतर नागपूर, कोल्हापूर आणि मुंबई अशी तिच्या मुक्कामाची गावं करारातच ठरली होती.

या यादीत पोलादपूर नव्हतं. महाडही नव्हतं.

पोलादपुरातून आंबेनळी घाट चढायला लागलं की प्रतापगडाचा डोंगर समोर उभा राहतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाची आणि शिवाजी महाराजांची भेट झाली आणि वाघनखं चालली असं सांगतात, ती या गडाच्या पायथ्याशी. आज घाटमाथ्यावरचा प्रतापगड सातारा जिल्ह्यात आणि घाटाखालचं पोलादपूर रायगड जिल्ह्यात. पण ही वाटणी अलीकडची. चंद्रराव मोऱ्यांच्या अमलात जावळी, शिवथर आणि रायरी हा एकच सलग मुलूख होता. १६५६ च्या जानेवारीत महाराजांनी जावळी घेतली, पुढे रायरी ताब्यात आली. तिचाच रायगड झाला आणि १६७४ मध्ये तिथे राज्याभिषेक झाला. त्यामुळे वाघनखांच्या कथेवर पहिला हक्क कुणाचा असेल, तर या खोऱ्याचा. वस्तू लंडनहून निघाली, महाराष्ट्रात पोहोचली, चार मोठ्या शहरांत फिरायची ठरली, आणि ज्यांच्या डोंगरात ती घटना घडली त्या माणसांनी एसटी धरून ती बघायला साताऱ्याला जायचं!

संग्रहालयांनी वस्तू मूळ जागी परत द्याव्यात का, हा वाद जगभर चालू आहे आणि तो बहुतेक वेळा दोन राजधान्यांमध्ये अडकतो. लंडन देत नाही, दिल्ली मागते; पॅरिस देतं, आफ्रिकेतलं एखादं सरकार स्वीकारतं. छायाचित्रं निघतात, हस्तांदोलनं होतात. या लेखाचं म्हणणं वेगळं आहे. सत्तेच्या जोरावर गेलेल्या वस्तू परत आल्याच पाहिजेत, आणि त्या मालकी हक्कानं आल्या पाहिजेत, उसन्या नव्हे. पण परत देण्याचं देणं सरकारांचं सरकारांना नसून त्या जागेला आणि तिथल्या माणसांना असतं. त्यांच्यापर्यंत वस्तू किंवा निदान तिचं ज्ञान पोहोचत नाही, तोवर काम अर्धंच राहतं. आणि ही मोजपट्टी परक्यांना लावायची, तर तीच आपल्यालाही लावून घ्यावी लागेल.

जागेला एवढं महत्त्व का, याचं उत्तर वाघनखांच्या डबीतच आहे. लंडनच्या संग्रहातली ही वाघनखं त्यांच्यासाठी मुद्दाम घडवलेल्या डबीत असतात आणि त्या डबीवर इंग्रजीत मजकूर कोरलेला आहे. शिवाजीनं मोगल सेनापतीला मारलं ते हे शस्त्र, ईडनच्या जेम्स ग्रँट डफला तो साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या कारभाऱ्यानं दिलेलं, अशा आशयाचा. अफझलखान मोगल सेनापती! खान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता हे पोलादपूरच्या प्राथमिक शाळेतलं चौथीचं पोर झोपेतून उठवलं तरी सांगेल. ग्रँट डफलाही ते पक्कं ठाऊक होतं. मराठ्यांचा तीन खंडी इतिहास त्यानंच १८२६ मध्ये प्रसिद्ध केला. ईडन ही त्याची स्कॉटलंडमधली जहागीर. म्हणजे डबीवरचा मजकूर तिकडे गेल्यावरचा, आणि बहुधा ज्याला विजापूर आणि आग्रा यांतला फरक माहीत नव्हता अशा कुणाच्या तरी हातचा. वस्तू तिच्या मुलखातून उचलली की काय होतं ते एवढ्या एका चुकीत दिसतं. पोलाद गंजलं नाही, नख्या शाबूत राहिल्या, पण शस्त्र कुणावर चाललं हे मात्र विसरलं गेलं. आणि ती चूक डबीवर तशीच कोरलेली राहिली, कारण भोवती ती खोडून काढणारं कुणी नव्हतं.

मोठ्या संग्रहालयांचा दावा असतो की वस्तू त्यांच्याकडे नुसत्या जपल्या जात नाहीत, समजून घेतल्या जातात. २००२ च्या डिसेंबरात युरोप-अमेरिकेतल्या अठरा बड्या संग्रहालयांनी मिळून तसं जाहीर पत्रकच काढलं: आमची संग्रहालयं सगळ्या जगाची आहेत, एका देशाची नव्हेत. या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारू नये. एकाच छताखाली असिरियाचं शिल्प, चोळांचं कांस्य आणि मेक्सिकोचा मुखवटा पाहता येणं ही मोठी गोष्ट आहे. प्रश्न एवढाच की ते छत नेहमी लंडन, पॅरिस, बर्लिन किंवा न्यूयॉर्कलाच का असावं, आणि पोलादपूरच्या मुलीला त्या जगाच्या संग्रहालयात शिरायला व्हिसा का लागावा.

मात्र इथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे, आणि ती आपल्याला अडचणीची आहे. ही वाघनखं महाराजांनीच वापरली याचा पुरावा नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची नोंदच तसं सांगते: अफझलखानाच्या भेटीत जी वापरली गेली ती हीच, याची खातरजमा करता आलेली नाही. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी हाच मुद्दा सातत्यानं मांडला. १६५९ ते १८१८ या जवळजवळ एकशे साठ वर्षांत हे शस्त्र कुठे होतं, कुणाकडे होतं, याची साखळी जुळत नाही. सभासदाची बखर बिचवा आणि वाघनख यांचं नाव घेते. परमानंदाच्या शिवभारतात वार तलवारीचा आहे. इतिहासाची साधनंच जिथे एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत, तिथे मंत्र्यांच्या भाषणात ‘महाराजांची वाघनखं’ असं ठामपणे म्हटलं गेलं, हे बरं झालं नाही. शंका सांगितल्यानं महाराज लहान होत नाहीत. शंका लपवली की मात्र परत मागणाऱ्याचा दावाच लुळा पडतो, कारण उद्या दुसरी एखादी वस्तू भक्कम पुराव्यानिशी मागितली तरी समोरचा याच वाघनखांकडे बोट दाखवेल.

मग पुरावा नसेल, तर परत तरी कशाला मागायची? कारण ही वस्तू महाराजांची असो वा नसो, ती ग्रँट डफच्या हाती कोणत्या परिस्थितीत पडली हे मात्र माहीत आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्याच वर्षी मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगड भाजून काढला, गडावरचे वाडे आगीत गेले आणि १० मे रोजी गड पडला. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना बसवलं, पण १८२२ पर्यंत कारभाराची सूत्रं ग्रँट डफच्याच हाती होती. कुणाची जहागीर राहणार, कुणाचं वतन जाणार, कुणाला पेन्शन बसणार, हे ज्याच्या शब्दावर ठरत होतं त्या माणसाला कुणीतरी एक मौल्यवान वस्तू ‘भेट’ दिली. भेट द्यायला नाही म्हणण्याची मोकळीक लागते. ती इथे कुणाला होती?

कोल्हापूरच्या तलवारीची गोष्ट याहून जास्त बोचते. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. संस्थानिकांनी त्याला नजराणे दिले. कोल्हापूरच्या शस्त्रागारातली एक जुनी रत्नजडित तलवारही त्यात गेली. ती आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. लोकांच्या मनात तीच भवानी तलवार. अभ्यासक तिला जगदंबा म्हणतात. ती दिली कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांनी. त्यांचा जन्म १८६३ चा. बारा वर्षांचं पोर! याच राजाला पुढे वेडा ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं आणि १८८३ च्या डिसेंबरात गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर तो तिथेच मेला. वयाची विशी नुकती ओलांडलेली. त्या बारा वर्षांच्या मुलानं साम्राज्याच्या युवराजाला आपल्या घराण्याचं शस्त्र ‘राजीखुशीनं’ दिलं, असं म्हणायला माणसाचं काळीज दगडाचं हवं.

ही तलवार आणण्याची घोषणा १९८० नंतर बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी मुख्यमंत्री असताना केली होती. अंतुले रायगड जिल्ह्यातले, सावित्रीकाठच्या आंबेतचे. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं ते त्यांनीच. लोकांनी ती घोषणा मनापासून उचलून धरली. तलवार आली नाही. त्यानंतर अनेक सरकारांनी तोच शब्द दिला आणि तो तसाच राहिला. इतकी वर्षं ही मागणी भाषणांत फिरत राहिली, पण त्यामागे लागणारं कागदाचं काम, म्हणजे तलवारीची ओळख, नजराण्याच्या नोंदी, तेव्हाच्या कोल्हापूर दरबारात इंग्रजांचा कितपत हात होता याची मांडणी, हे एखाद्या सरकारी समितीनं नेटानं केलं असतं तर आज बोलणं वेगळ्या पातळीवर असतं.

लंडनचं नेहमीचं उत्तर असतं की कायदा आड येतो. ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा कायदा आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला १९८३ चा कायदा संग्रहातली वस्तू काढून टाकायला जवळजवळ मनाईच करतो. म्हणून मग उसनवारीची वाट. घानाच्या असांते राजांचं सोनं ब्रिटिश सैन्यानं एकोणिसाव्या शतकात लुटलं. त्यातल्या काही वस्तू २०२४ मध्ये कुमासीच्या मानहिया राजवाड्यात परत गेल्या, त्याही तीन वर्षांच्या उसनवारीवर. वाघनखांसारख्याच. ज्याचं त्याला उसनं देण्याची ही रीत तात्पुरती सोय म्हणून चालेल, निकाल म्हणून नाही. आणि कायदा काही आभाळातून पडलेला नाही. त्याच ब्रिटिश संसदेनं मानवी अवशेष परत देता यावेत म्हणून २००४ मध्ये वाट काढली आणि नाझींनी ज्यूंकडून लुबाडलेल्या वस्तूंसाठी २००९ मध्ये स्वतंत्र कायदा केला. मनात आलं तेव्हा दार उघडलं. लंडनच्याच हॉर्निमन म्युझियमवर हे कायदे लागू नव्हते, तर त्यानं २०२२ मध्ये १८९७ च्या बेनिन लुटीतल्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाला देऊन टाकली. जर्मनीनं त्याच वर्षी हजाराहून जास्त बेनिन वस्तूंची मालकी सोडली. फ्रान्सनं २०२१ मध्ये आबोमीच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू बेनिन प्रजासत्ताकाला परत दिल्या. कुठलंही संग्रहालय त्यामुळे ओस पडलं नाही.

दुसरं उत्तर जास्त टोचणारं आहे आणि त्याला टाळून चालणार नाही: तुमच्याकडे वस्तू सुरक्षित राहतील का? या प्रश्नात उद्दामपणा आहे हे खरं. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधूनच सुमारे दोन हजार वस्तू चोरीला गेल्याचं, हरवल्याचं किंवा मोडतोड झाल्याचं उघड झालं, तेव्हा सुरक्षिततेचा मक्ता कुणाचाच नाही हे दिसलं. पण त्यांच्याकडे चोऱ्या होतात म्हणून आपलं घर आपोआप नीट होत नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि पोथ्या, ग्रंथ, जुन्या वस्तू फरशीवर विखुरल्या. तो दिवस विसरून कुणाही मराठी माणसानं लंडनला सुरक्षिततेबद्दल सुनावू नये. दुसरा धोका निसर्गाचा. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला आणि लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली ग्रंथसंपदा चिखलात गेली. २००५ च्या पुरातही या वाचनालयाचं असंच झालं होतं. त्याच २०२१ च्या आठवड्यात सावित्री आणि गांधारी महाडच्या बाजारपेठेत शिरल्या, आणि तळियेची वाडी दरडीखाली गाडली गेली. महाड-पोलादपूरला संग्रहालय मागणाऱ्यानं पुराची रेषा आणि दरडीचा नकाशा हातात घेऊनच बोललं पाहिजे. रायगडाच्या पायथ्याचं पाचाड महाडच्या बाजारपेठेपेक्षा उंचावर आहे. तिथे जिजाऊंचा वाडा आहे, समाधी आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात रायगड आहे आणि प्रतापगडही. एवढं झाल्यावर या दोन गडांच्या मधल्या खोऱ्यात आर्द्रता आटोक्यात ठेवणारं, आगीची आणि पुराची व्यवस्था असलेलं एक चांगलं संग्रहालय उभं राहणं अशक्य नाही. लागेल ती इच्छा, आणि दर वर्षाचा देखभालीचा पैसा. इमारतीच्या कोनशिलेला पैसा मिळतो. तिसऱ्या वर्षी बंद पडलेलं दमटपणा शोषणारं यंत्र दुरुस्त करायला मिळत नाही, हे महाराष्ट्रातल्या लहान संग्रहालयांत काम करणाऱ्या कुणालाही विचारून पाहावं.

आता शिवथरकडे वळू, कारण हा सगळा वाद आपल्याच घरात कसा आहे ते तिथे दिसतं. महाडहून वरंध घाटाच्या अंगानं गेलं की कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावं लागतात आणि डोंगराच्या कुशीत ती घळ. पावसाळ्यात घळीशेजारून धबधबा कोसळतो, आतल्या कातळाला ओल सुटलेली असते. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला तो इथे, अशी परंपरा आहे. ही जागा काळाच्या ओघात विस्मरणात गेली होती. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती शोधून पुन्हा लोकांसमोर आणली.

देवांचं काम घळीपुरतं नव्हतं. १८९३ मध्ये त्यांनी धुळ्याला सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढची कित्येक वर्षं रामदासी मठांतून पोथ्या आणि बाडं गोळा केली. कुठे ती देव्हाऱ्यात रेशमी फडक्यात गुंडाळलेली होती, कुठे माळ्यावर कसरीनं चाळण झालेली. १९३५ मध्ये धुळ्याला श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर उभं राहिलं आणि हा संग्रह तिथे नांदू लागला. समर्थांच्या स्वतःच्या हातची वाल्मीकि रामायणाची प्रत आज तिथेच आहे. शिवथरच्या घळीत मात्र समर्थ आणि कल्याण यांच्या मूर्ती आहेत, पोथी नाही. मग शिवथरनं धुळ्याकडे आपला ठेवा मागावा का?

नाही. आणि हे नाही म्हणताना लंडनला हो म्हटलेलं खोटं ठरत नाही. फरक वस्तू कशी गेली यात आहे. देव हातात सत्ता घेऊन मठांत गेले नव्हते. ते पायपीट करत गेले, मठाधिपतींशी बोलले, विश्वास मिळवला आणि ते सगळं मराठी वाचकाच्या हातात दिलं. त्यांनी ते काम केलं नसतं, तर कोकणच्या चार महिन्यांच्या धो-धो पावसात, बुरशीत आणि वाळवीत त्यातलं किती उरलं असतं? खानदेशची कोरडी हवा कागदाला मानवते. शिवथरची ओल मानवत नाही. आणि जिथे वस्तू आपल्याच जागी नीट नांदते आहे, तिथे तर तिला हलवण्याचा प्रश्नच नाही: कल्याणस्वामींच्या हातचा दासबोध सीनाकाठच्या डोमगावला, त्यांच्याच मठात परंपरेनं जपला गेला आहे.

पण धुळं शिवथरचं काही देणं लागतच नाही, असंही नाही. ज्या मुलखानं ठेवा दिला त्याला तो पाहायला आणि वाचायला मिळाला पाहिजे. पानापानाच्या उत्तम प्रतिमा शिवथरला असाव्यात, मूळ कागदासारख्या कागदावर छापलेली प्रत असावी, आणि महाडच्या महाविद्यालयातल्या मुलांना ती वाचता यावी यासाठी जुनी हस्तलिखितं वाचण्याचा वर्ग चालावा. याहून पुढचं पाऊलही टाकता येईल. माघ शुद्ध नवमीला दासबोध जयंती आणि माघ वद्य नवमीला दासनवमी. हे पंधरा-सोळा दिवस कोकणात कोरडे असतात. त्या दिवसांत धुळ्याची एखादी मूळ पोथी, विम्यासह, योग्य पेटीत आणि जाणकारांच्या देखरेखीत, दर काही वर्षांनी महाडला आणायला हरकत नसावी. ही उसनवारी असांत्यांच्या सोन्यासारखी नाही. इथे घेणारा आणि देणारा दोघंही एकाच परंपरेचे वारस आहेत आणि कुणीच कुणाकडून काही हिसकावलेलं नाही.

मोजपट्टी आपल्याला लावायची म्हटल्यावर वसईचं नाव घ्यावंच लागतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. हा मराठ्यांच्या पराक्रमाचा मोठा दिवस, त्यात वाद नाही. वसईच्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा मात्र विजयाची खूण म्हणून उतरवल्या गेल्या आणि महाराष्ट्रभर मंदिरांत पोहोचल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात एक आहे. ग्रँट डफच्या वस्तूसारख्या त्या कपाटात बंद नाहीत. सुमारे पावणेतीनशे वर्षं त्या भाविकांच्या डोळ्यांसमोर देवळांत आहेत, आणि हाही एक हक्कच झाला. तरीही वसईतले मराठी बोलणारे, मराठीत लिहिणारे ख्रिस्ती उद्या म्हणाले की यातली एक घंटा आमच्या चर्चमध्ये परत यावी, तर ते बोलणं सन्मानानं ऐकून घेणं हे आपलं काम आहे. ‘ती तर जिंकलेली आहे’ हे उत्तर आपण दिलं, तर लंडनमधून तेच उत्तर आल्यावर आपल्याला बोलता येणार नाही.

असं देणं भारताला अनोळखी नाही. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन चर्चच्या अवशेषांत जॉर्जियाची राणी केटेवान हिच्या अस्थी सापडल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून ओळख पटली आणि २०२१ च्या जुलैत त्यांतला एक भाग भारतानं जॉर्जियाला दिला. शास्त्रानं खातरजमा केली, मग मन मोठं करून दिलं. वाघनखांच्या वेळी नेमका हाच क्रम हवा होता.

परत आलेल्या वस्तूचं पुढे काय होतं, याचा एक दुखरा दाखला तमिळनाडूतला. पत्तूरच्या मंदिराजवळ १९७६ मध्ये जमिनीत सापडलेला नटराज चोरीनं लंडनला पोहोचला. तिथल्या न्यायालयात खटला चालला, पडक्या मंदिरालाही दावा करता येतो हे इंग्रज न्यायाधीशांनी मान्य केलं आणि १९९१ मध्ये मूर्ती भारतात आली. जगभरच्या कायद्याच्या अभ्यासकांनी या निकालाची दखल घेतली. मूर्ती मात्र पुढची कित्येक वर्षं पत्तूरच्या गाभाऱ्यात न जाता तिरुवारूरच्या सरकारी मूर्तिभांडारात कुलपाआड राहिली. परदेशातून आलेल्या कितीतरी मूर्ती दिल्लीच्या पुराना किल्ल्यातही अशाच ठेवलेल्या आहेत. चोरीची भीती खरी आहे. पण गावानं खटला जिंकावा आणि देव कोठारात राहावा, यात गावाच्या पदरात काय पडलं?

२०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आणखी एक वाट चोखाळली. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, ती सरकारनं ४७ लाखांवर रक्कम मोजून मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला आणली. वस्तू खासगी हातात असेल आणि उद्या ती कुणा धनाढ्याच्या तिजोरीत जाणार असेल, तर विकत घेणं गैर नाही. ते करायलाच हवं होतं. धोका एवढाच की हा पायंडा झाला, तर मराठा इतिहासाशी जोडलेल्या प्रत्येक शस्त्राचा भाव लिलावात चढत जाईल, आणि खऱ्याखोट्या दंतकथा चिकटवून वस्तू विकणाऱ्यांचं फावेल. सार्वजनिक संग्रहालयांत असलेल्या वस्तूंसाठी मात्र पैशाची भाषा येताच कामा नये. तिथे बोलायचं ते हक्काचं.

वाघनखांची मुदत संपण्याआधी तीन कामं होऊ शकतात. वस्तू खोऱ्यात यावी, निदान एका हिवाळ्यासाठी पाचाडला किंवा महाडला, आणि तिच्या शेजारी मराठीत सरळ लिहिलेलं असावं की ही महाराजांची असल्याचं सिद्ध झालेलं नाही, हिच्या डबीवर अफझलखानाला मोगल म्हटलं आहे ते चूक आहे, आणि ती ग्रँट डफला मिळाली तेव्हा या मुलखाची सत्ता त्याच्याच हाती होती. हा मजकूर वाचून बाहेर पडणारा शाळकरी मुलगा आपल्या इतिहासावर जास्त प्रेम करेल, कमी नाही. दुसरं काम यादीचं: महाड, पोलादपूर आणि जावळी या भागांतून गेलेली शस्त्रं, कागद, नाणी, मूर्ती आज कुठे कुठे आहेत, मुंबईत, पुण्यात, साताऱ्यात, धुळ्यात, लंडनमध्ये आणि एडिंबरात, हे मोडी आणि इंग्रजी दोन्ही वाचणाऱ्या दहा-बारा तरुणांना दोन वर्षांचं मानधन देऊन करून घेता येईल.

तिसरं काम लंडनमध्येच करायचं आहे. १९८३ चा कायदा बदलण्याचा अधिकार मंत्रालयाला नाही, दिल्लीलाही नाही. तो ब्रिटिश संसदेचा आहे आणि तिथे मतदार म्हणून बोलू शकतील अशी मराठी माणसं आता तीन पिढ्यांची झाली आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. गणपती आणि दिवाळीच्या बरोबरीनं त्यांनी आपापल्या मतदारसंघातल्या खासदाराकडे ही मागणी लेखी नेली, तर ते एकटे पडणार नाहीत. पार्थेनॉनची शिल्पं मागणारे ग्रीक, बेनिनची कांस्यं मागणारे नायजेरियन आणि असांत्यांचं सोनं मागणारे घानावासी त्याच शहरात राहतात, त्याच खासदारांना मत देतात, आणि सगळ्यांची वाट १९६३ आणि १९८३ च्या त्याच दोन कायद्यांपाशी अडलेली आहे.